मांजराच्या पावलाचा आवाज

उद्यमनगरात, रात्री नऊनंतर,
शेवटची भट्टी निवली की आम्ही शटर अर्धं ओढतो
आणि उत्तरेचे देव कोल्हापुरी बोलायला बसतात.

तौफिक शिकलगार गातो.
गातो म्हणजे, गळ्यावर कानस घासतो.
त्याच्या आज्ज्यानं दसऱ्याला तलवारी परजल्या.
ह्याचा शब्द कळत नाही, धार कळते.
दगडू आवळेची हलगी, उसाचं पाचट पेटवून तापवलेली,
ड्रमच्या पुढं पळते आणि वळून बघत नाही.
प्रज्योतनं गिटार इतकी उतरवलीय
की सूर पंचगंगेच्या गाळात गुडघाभर.
मी बेस. चार तारा, एक गंजकी.

गाणं एकच. अठरा मिनिटांचं. लांडग्याचं.
जग बुडेल त्या दिवशी
देवांच्या थोरल्याला, एका डोळ्याच्या म्हाताऱ्याला,
तो गिळणार आहे. म्हणून त्याला बांधायचं.
लोखंडाच्या साखळ्या त्यानं दोनदा तोडल्या.
मग बुटक्या लोहारांनी एक फीत वळली, रेशमासारखी मऊ.
बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाच्या शिरा,
माशाचा श्वास, पाखराची थुंकी,
मांजराच्या पावलाचा आवाज.
तिथंच सगळं संपलं,
म्हणून जगात आता शिल्लक नाही.

तौफिक म्हणाला, सहाही पाहिजेत. खरे. टेपवर.

दगडूच्या मावशीला हनुवटीवर दोन केस आहेत.
माइक धरला तर ती इतकी हसली
की दाढीच्या जागी ते हसू घेतलं.
अस्वलासाठी तालमीतल्या एकाचा शड्डू.
रंकाळ्यात पिशवीत बांधून माइक सोडला,
माशाऐवजी कुणाची तरी चप्पल आली.
पन्हाळ्याच्या पायथ्याला खडकाला कान लावून
प्रज्योत तासभर पडला आणि झोपला. घोरणं वापरलं.
थुंकी आम्हीच केली. देवांना काय कळतंय.

राहिली भुरी, फौंड्रीतली मांजर.
साच्याच्या काळ्या वाळूत माइक पुरला,
वर बोंबलाचा तुकडा, आणि दिवा घालवून
चार धटिंगण श्वास धरून बसले.
ती आली. खाल्लं. गेली.
टेपवर काही नाही.
आवाज कमाल वाढवला तरी
नुसती लांबच्या एसटीची घरघर.

सकाळी दादा कामावर आले.
मी हेडफोन दिला, ऐका म्हटलं, पूर्ण गाणं.
अकरा मिनिटं ऐकून म्हणाले,
"बेअरिंग गेलंय त्याचं."

त्या थोरल्या देवानं डोळा विहिरीत टाकला
आणि बदल्यात शहाणपण घेतलं.
दादांचा सत्त्याण्णव साली गेला, ओल्या साच्यात
रस ओतताना एक थेंब उडाला म्हणून.
शहाणपणाचं काही मिळालं का
ते त्यांनी कधी सांगितलं नाही.
पंधरा दिवस सुट्टी मिळाली.

वाळूत भुरीचं एक पाऊल उमटलं होतं.
दादा उकिडवे बसले, चांगला डोळा त्याच्यावर लावून.
"ह्याच्यासाठी रातभर?"
मग पंपाच्या बॉड्या ओतून झाल्यावर
लॅडलच्या तळाला उरलेला घोट
त्यांनी आणला, हात न हलवता,
आणि त्या पावलात ओतला.

दुपारी वाळू झटकली. तळहाताएवढं, ओबडधोबड,
खाली एक गादी, वर चार टिकल्या.
"चीर असली तर बोद वाजतं," दादा म्हणाले,
दोरीला टांगून, हातोडीनं, हळूच.

टण्ण.

शेडभर फिरून तो आवाज परत आला.
तौफिक काही बोलला नाही. दगडूनं हलगी खाली ठेवली.
"भरीव हाय," म्हणत दादा डबा उघडायला गेले.

आता अठराव्या मिनिटाला सगळे थांबतात
आणि मी ते एकदाच वाजवतो.
काल वाजवलं तेव्हा पोत्यावर झोपलेल्या भुरीनं
कान टवकारले,
उठली, वाळूवरून चालत
शटरखालून बाहेर गेली.
तिचं काही ऐकू आलं नाही.